जुन्या कारच्या रेडिओत ब्लूटूथ: सेट न मोडता, एकच वायर सोडवून

पद्मिनी, अँबेसिडर किंवा त्याआधीची फियाट ११०० हौसेने उभी करणारे बरेच जण डॅशबोर्डातला मूळ मीडियम वेव्ह सेट काढतात आणि तिथे आजचा स्टिरिओ बसवतात. त्यासाठी डॅशचा पत्रा कापावा लागतो, आणि एकदा पत्रा कापला की जुना सेट पुन्हा त्या जागी शोभत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सेटच्या आतला सगळा माल काढून त्याच डब्यात नवा अॅम्प्लिफायर बोर्ड भरणे. मग तो रेडिओ राहत नाही, रेडिओच्या आकाराचा डबा राहतो. दोन्हींची गरज नाही. सेटच्या आवाजाच्या भागाला सिग्नल स्टेशनवरून आला की मोबाइलवरून आला, याने काही फरक पडत नाही. व्हॉल्यूम कंट्रोलवर जे मिळेल ते तो मोठं करून स्पीकरला देतो. म्हणून नवा आवाज कंट्रोलच्या तोंडाशी द्यायचा, आणि रेडिओची मूळ वाट एका स्विचने केव्हाही परत मिळेल अशी ठेवायची.

मोबाइलवरून छोट्या एफएम ट्रान्समीटरने आवाज पाठवायचा मार्ग इथे चालत नाही, कारण या सेटना एफएम नसतंच. उशिराच्या पद्मिनीत कॅसेट डेक असेल तर काम सोपं आहे. ब्लूटूथ असलेली कॅसेट अडॅप्टर मिळते, ती डेकमध्ये सरकवायची आणि हेडवर जमलेली घाण स्पिरिटने पुसायची. बाकी मजकूर फक्त रेडिओ असलेल्या सेटसाठी आहे.

आधी सेट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

खालचं झाकण उघडलं की जात कळते. काचेचे व्हॉल्व्ह आणि पत्र्याच्या गोल डब्यातला व्हायब्रेटर (व्होल्ट वाढवण्यासाठी करंट सतत चालू-बंद करणारा भाग) दिसला तर तो व्हॉल्व्ह सेट. त्यात १२ व्होल्टवरून दोनशेच्या आसपास व्होल्ट तयार होतात आणि सेट बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते काही वेळ राहतात. कुठेही हात लावण्याआधी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने त्या कंडेन्सरवर अर्धा मिनिट धरा आणि मीटरवर शून्य आलंय ना ते पाहा.

एसी १२८, एएफ ११७, एडी १४९, एडी १६१ अशी नावं असलेले ट्रान्झिस्टर दिसले तर सेट जर्मेनियमचा. साठ-सत्तरच्या दशकातले बहुतेक कार रेडिओ असेच. तिसरा प्रकार सिलिकॉनचा, ज्यात आवाजाचं काम टीबीए ८१० सारखी एकच आयसी करते. हा सगळ्यात सोसणारा आणि नवशिक्यासाठी बरा.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टर १५० अंशांपर्यंत तग धरतो, जर्मेनियम ९०-१०० अंशांच्या आसपास हात टेकतो. सोल्डर करताना २५ वॅटची गन वापरा आणि ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्याने धरून ठेवा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल. आणि एक लक्षात असू द्या: एएफ ११४ ते ११७ या मालिकेत आतल्या पत्र्यावर कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि ट्रान्झिस्टर आतच शॉर्ट होतो. त्यामुळे एकही स्टेशन लागत नसलेला सेट भंगारात काढू नका. बिघाड स्टेशन पकडणाऱ्या पुढच्या भागात असतो, आवाजाचा भाग बहुधा शाबूत असतो आणि मोबाइलचं गाणं त्यावर उत्तम वाजतं.

सेट टेबलावर तपासा

गाडीतच हात घालून काम करू नका. सेट बाहेर काढा आणि करंट मर्यादा २ अँपिअरवर लावलेल्या १२ व्होल्ट सप्लायवर चालवा. मूळ स्पीकर किंवा सेटवर लिहिलेल्या ओहमचाच स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करू नका. व्हॉल्व्ह सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिनलोडाचा जळू शकतो, आणि जर्मेनियमच्या आउटपुटला कमी ओहमचा स्पीकर लावला तर ट्रान्झिस्टर जातो. एकच मोठा आउटपुट ट्रान्झिस्टर असलेला सेट गाणं नसतानाही अर्धा ते एक अँपिअर घेतो, तो त्याचा स्वभाव आहे. पण सुई हळूहळू वर चढतच राहिली तर लगेच बंद करा.

पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेले असतात. आवाज बारीक, पातळ किंवा मोटरबोटीसारखा फटफट येत असेल तर ब्लूटूथचा विचार नंतर, आधी ते बदला. किंमत तीच ठेवा, व्होल्टेज मूळपेक्षा कमी नको. व्हॉल्व्ह सेटमधले मेण लावलेले कागदी कंडेन्सर तर डोळे मिटून बदलावेत, कारण आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा एक गळका कंडेन्सर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो.

कंट्रोलचे तीन टॅग

व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे समोरच्या नॉबच्या दांड्यावर बसलेला, मागे ऑन-ऑफ स्विच असलेला गोल डबा. खाकी फायबरच्या पट्टीतून त्याचे तीन टॅग बाहेर येतात, टोकाशी जुन्या सोल्डरचा करडा थेंब असतो. सप्लाय काढून मीटर ओहमवर लावा. नॉब पूर्ण मोठा केल्यावर मधल्या टॅगशी ज्याचं अंतर शून्य ओहम येतं तो वरचा टॅग. नॉब पूर्ण लहान केल्यावर ज्याच्याशी शून्य येतं तो खालचा. दोन टोकांमधला आकडा म्हणजे कंट्रोलची किंमत. ट्रान्झिस्टर सेटमध्ये तो साधारण ५ ते २५ किलोओहम निघतो, व्हॉल्व्ह सेटमध्ये २५० किलो ते १ मेगओहम. आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. चौथा टॅग असेल तर तो लाउडनेसचा, त्याला हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. सेट चालू करून मीटर डीसी व्होल्टवर लावा आणि खालचा टॅग व सेटची बॉडी यांच्यात मोजा. शून्य आलं तर कंट्रोलचं अर्थ आणि बॉडी एकच, काम सरळ आहे. पाच, सात, बारा असं काहीही आलं तर ब्लूटूथचं निगेटिव्ह थेट त्या टॅगला जोडायचं नाही. जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असलेल्या कित्येक सेटमध्ये सर्किटची सामाईक लाइन पॉझिटिव्ह असते आणि ती बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते. तिथे निगेटिव्ह जोडलं की पूर्ण बॅटरी त्या बारीक वायरमधून शॉर्ट होते.

बॅटरीही पाहून घ्या, कारण वरचा हिशोब बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आहे असं धरून आहे. १९५०-६० च्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. जुनी मॉरिस वगैरे असेल तर बॅटरीची जाड पट्टी कोणत्या टोकावरून बॉडीला जाते ते डोळ्यांनी बघा, अंदाजावर जाऊ नका. आधीच्या मालकाने उलटं केलेलंही असतं.

यानंतर, काहीही सोडवण्याआधी, चाचणी घ्या. चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलच्या हेडफोन वायरचा एक चॅनल ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून वरच्या टॅगला टेकवा, अर्थ खालच्या टॅगला. व्हॉल्व्ह सेटसाठी हा कंडेन्सर ४०० व्होल्टचा घ्या. काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवा. खरखरीसोबत गाणं आलं म्हणजे जागा बरोबर आहे.

लागणारा माल

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे सगळं एका फेरीत मिळतं. ५ व्होल्टवर चालणारा आणि लाइन आउटपुट देणारा ब्लूटूथ मॉड्यूल घ्या, उदाहरणार्थ व्हीएचएम ३१४. स्पीकर चालवणारा बोर्ड, म्हणजे पीएएम ८४०३ आयसी असलेला, घेऊ नका. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एक अर्थला लावली की आयसी जाते. बाकी सामान: ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, १०० किलोओहमचा एक, १० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने एकदा जुळवून ठेवायचा छोटा कंट्रोल), ०.२२ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कंडेन्सर, डीपीडीटी टॉगल स्विच (दोन रांगांचा, सहा पायांचा), ७८०५ रेग्युलेटर (१२ चे स्थिर ५ व्होल्ट करणारा), १एन४००७ डायोड, १० ओहम १ वॅटचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, फ्यूज होल्डरसकट अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, एक मीटर बारीक शिल्डेड वायर आणि स्लीव्ह. खालच्या टॅगवर व्होल्टेज आलं असेल तर यात तयार मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर वाढवा. त्या डबीत एकास एकचे दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतात.

जोडणी

वरच्या टॅगवर येणारी वायर सोडवा. कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा आणि तिला लगेच लाल दोरा किंवा टेप बांधा. ही वायर स्विचच्या पहिल्या रांगेतल्या एका टोकाला जाईल, स्विचचा मधला पाय कंट्रोलच्या वरच्या टॅगला, आणि उरलेलं टोक ब्लूटूथकडे. सेटमध्ये बदल होतो तो एवढाच.

मॉड्यूलचा डावा आणि उजवा चॅनल थेट एकत्र जोडायचे नाहीत. दोन्ही आउटपुट एकमेकांशी झगडतात, आवाज फाटतो, कालांतराने मॉड्यूल बिघडतो. प्रत्येकी ४.७ किलोओहममधून त्यांना एका बिंदूवर आणा. फक्त एकच चॅनल घेऊन काम भागवायचा मोहही टाळा. जुन्या स्टिरिओ गाण्यांत एखादं वाद्य पूर्ण एकाच बाजूला भरलेलं असतं, ते ऐकूच येणार नाही. एकत्र बिंदू प्रीसेटच्या वरच्या पायाला, प्रीसेटचा खालचा पाय कंट्रोलच्या खालच्या टॅगला, आणि प्रीसेटचा मधला पाय ०.२२ मायक्रोफॅरडमधून स्विचला. कंडेन्सरच्या स्विचकडच्या बाजूने खालच्या टॅगला १०० किलोओहम जोडा, त्याने स्विच टाकताना होणारा ठक्क आवाज बराच कमी होतो.

कंडेन्सर टाळू नका. बऱ्याच सेटमध्ये कंट्रोलच डिटेक्टरचा (रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाचा) लोड असतो आणि त्यावर थोडा डीसी असतो. ०.२२ ही किंमतही मुद्दाम निवडलेली आहे. १० किलोओहमच्या कंट्रोलबरोबर ती ७२ हर्ट्झच्या खालचा आवाज कापते. मूळ कागदी स्पीकरला तो खालचा भाग वाजवताच येत नाही, नुसता कोन आतबाहेर धडपडतो आणि फाटतो. १ मायक्रोफॅरड टाकला तर १६ हर्ट्झपर्यंत सगळं आत जाईल, फायदा शून्य. व्हॉल्व्ह सेटच्या ५०० किलोओहमसाठी ०.०२२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पुरतो.

आयसोलेटर लावायचा असेल तर तो मॉड्यूलच्या लगेच पुढे, आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर त्याच्या नंतर. उलट क्रमाने लावला तर त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला रेझिस्टरमधून ताकद मिळत नाही आणि आवाज पोकळ येतो.

व्हॉल्व्ह सेटमध्ये स्विचपर्यंतची वायर ३० सेंटीमीटरच्या आत ठेवा. जास्त ओहमच्या ठिकाणी लांब शिल्डेड वायर म्हणजे एक कंडेन्सरच, त्यात रेडिओचा वरचा आवाज मरतो. त्याहून बरं म्हणजे सेटच्या आत १२ व्होल्टचा छोटा दोन-पोल रिले बसवा आणि बाहेर फक्त त्याच्या कॉइलचा स्विच आणा. कॉइलवर एक १एन४००७ उलटा जोडायला विसरू नका.

सप्लाय

सप्लाय सेटच्या ऑन-ऑफ स्विचच्या पुढून घ्या, म्हणजे रेडिओ बंद केला की मॉड्यूलही बंद आणि बॅटरी उतरत नाही. डायल लॅम्पचा टॅग हाताशी असतो, पण काही गाड्यांत तो दिवा हेडलाइटच्या स्विचवर असतो, म्हणून मीटरने खात्री करा. तिथून फ्यूज, मग १एन४००७ सरळ मालिकेत, मग १० ओहम, मग १००० मायक्रोफॅरड अर्थला, मग ७८०५. त्याच्या तोंडाशी ०.३३ आणि आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरड, पायांच्या अगदी जवळ. हा सप्लाय डीपीडीटीच्या दुसऱ्या रांगेतून मॉड्यूलला द्या, म्हणजे स्विच रेडिओवर असताना मॉड्यूल पूर्ण थंड.

ही दुसरी रांग महत्त्वाची आहे. बाजारात सगळे एलएम २५९६ चा छोटा बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारा बोर्ड) हातात देतात. तो सुमारे १५० किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या पटी थेट मीडियम वेव्हमध्ये पडतात: ६००, ७५०, ९००, १०५०, १२००. आकाशवाणी मुंबईची १०४४ ही जागा त्यांच्या अगदी शेजारी, मग स्टेशनवर शिट्टी बसते. ७८०५ असा गोंगाट करत नाही. १०० मिलिअँपिअर धरला तरी त्यात जेमतेम ०.९ वॅट उष्णता तयार होते, ती सेटच्या बॉडीवर स्क्रूने कसली की निघून जाते. त्याची पाठ निगेटिव्ह असते, म्हणून पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत खाली अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिक वॉशर हवाच, आणि मॉड्यूलही स्लीव्हमध्ये पूर्ण गुंडाळलेला हवा. ६ व्होल्टच्या गाडीत ७८०५ चालत नाही, त्याला निदान ७ व्होल्ट लागतात. तिथे वर-खाली दोन्ही करणारा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घ्यावाच लागतो, आणि मग वर सांगितलेल्या दुसऱ्या रांगेचं मोल कळतं. मोबाइलचे स्वस्त कार चार्जरही हीच शिट्टी घालतात. रेडिओ ऐकताना ते काढून ठेवा.

मॉड्यूल कुठे ठेवायचा

सेटच्या डब्यात नाही. लोखंडी डबा रेडिओ लहरी अडवतो आणि मॉड्यूलचा अँटेना बोर्डावरचीच तांब्याची नागमोडी रेघ असते. आत बसवला तर मोबाइल डॅशवर ठेवूनही गाणं तुटतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे पुठ्ठ्यावर किंवा डॅशच्या खालच्या कडेला, नागमोडी रेघ पत्र्यापासून पाचेक सेंटीमीटर दूर राहील असा बांधा. शिल्डेड वायरची जाळी एकाच वाटेने अर्थला जाऊ द्या, आणि बॉडीला निगेटिव्ह असलेल्या गाडीत मॉड्यूलचं निगेटिव्ह सेटच्याच अर्थ बिंदूवर आणा. त्याला डॅशच्या एखाद्या स्क्रूवर अर्थ दिला तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुंई ऐकू येईल. स्विचसाठी फेसप्लेटला भोक पाडू नका. डॅशच्या खालच्या ओठाला एल आकाराची पट्टी लावून त्यावर बसवा.

आवाज जुळवणे

मोबाइलचा आवाज ८०-९० टक्के ठेवा, प्रीसेट पूर्ण कमी. रेडिओवर एक ताकदवान स्टेशन लावून नॉब अर्ध्यावर ठेवा आणि तो आवाज कानात बसवा. आता स्विच ब्लूटूथवर टाकून, नॉब न हलवता, प्रीसेट तेवढ्याच आवाजापर्यंत आणा. त्याहून थोडा कमीच ठेवलेला बरा. आजची रेकॉर्डिंग सतत एकाच जोरात वाजतात, निवेदनाच्या मधल्या थांब्यासारखी उसंत आउटपुट ट्रान्झिस्टरला मिळत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅश आधीच तापलेला असतो, तेव्हा काचा उघडून पाच मिनिटं जाऊ द्या, मग सेट लावा.

अडलं तर

गाण्याच्या मागे चिर्र-टिकटिक येत असेल तर ती मॉड्यूलच्या डिजिटल भागाची, सप्लाय आणि आवाज एकाच बारीक अर्थ वायरीतून गेल्यामुळे. सप्लायच्या निगेटिव्हला वेगळी जाड वायर द्या. तरी गेली नाही तर आयसोलेटर लावा. गाण्यामागे स्टेशन पुसट ऐकू येत असेल तर स्विचपर्यंतच्या दोन्ही वायरी शेजारी उघड्या गेल्या आहेत, त्या शिल्डेड करा. आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल तर प्रीसेट कमी करा. लहान आवाजातही फाटत असेल तर स्पीकरचा कोन बोटांनी हलका दाबून पाहा, आत खरखर लागली तर कॉइल घासतेय. नॉब फिरवताना खर्रखर्र येत असेल तर कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवा.

इंजिन चालू केल्यावर तडतड आली तर ती इग्निशनची. कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर कंडेन्सर लावा, पॉइंटकडच्या बाजूला कधीही नाही. डायनॅमोच्या जाड आउटपुट टर्मिनलवरही एक चालतो, पण एफ लिहिलेल्या टर्मिनलवर लावलात तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

सेट परत बसवण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचं चित्र चिकटवा, लाल दोऱ्याची वायर मूळची कुठली ते लिहून. सेट बसवून एरियल लावल्यावर बँडच्या वरच्या टोकाला, १४०० च्या आसपास, एखादं अगदी अशक्त स्टेशन शोधा. एरियलच्या सॉकेटजवळच्या भोकातला ट्रिमर (एरियल सेटशी जुळवणारा छोटा स्क्रू) प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने सावकाश फिरवा आणि आवाज सगळ्यात जास्त येईल तिथे सोडा. मग इंजिन, हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून दोन्ही बाजू ऐका, आणि एकदा हॉर्न वाजवा. मॉड्यूल त्या झटक्याने बंद पडून पुन्हा जोडला गेला, तर १००० च्या जागी २२०० मायक्रोफॅरड टाका.